गाडी हातात देण्याआधी ड्रायव्हरचं नेमकं काय बघता?

आडगावकर (सोमवार, रात्री 9.50)

आडगावला ट्रक टर्मिनसच्या बाजूला माझा छोटा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. दोन दहाटायरी, एक बाराटायरी. जाताना पिंपळगाव-लासलगावचा कांदा, कधी अंबड-सातपूरचा कंपनीचा माल, येताना मिळेल ते भाडं. एका दहाटायरीवरचा ड्रायव्हर घरची शेती बघायला कायमचा गावी गेला. त्याच्या जागेसाठी दोघं ट्रायल देऊन गेले आणि आता माझं ठरत नाहीये.

पहिला तिशीतला. चढला, सीट मागे घेतली, आरशांना हातही लावला नाही आणि टर्मिनसच्या गर्दीतून एका दमात रिव्हर्स बाहेर काढली. हात एकदम साफ. नांदूर नाक्यापर्यंत जाऊन आलो, तेवढ्यात आधीच्या मालकांचे किस्से सांगून झाले. वर हे: "शेठ, कसारा मी डोळे मिटून उतरतो."

दुसरा पन्नाशीच्या पुढचा. केबिनकडे गेलाच नाही आधी. टॉमी (लोखंडी पहार) मागितली आणि गाडीभोवती फिरत एकेक टायर वाजवला. मागच्या जोडीतला आतला टायर वाजवायला गुडघ्यावर बसला. एका टायरपाशी थांबून दोनदा वाजवला आणि म्हणाला, "ह्यात हवा कमी आहे." मीटर लावलं तर खरंच कमी होती. मग ब्रेकच्या हवेच्या टाकीची कडी ओढून आत साठलेलं पाणी सोडलं. आरसे लावले. रिव्हर्स घेताना मध्येच उतरून मागे बघून आला. माझा पुतण्या हसायला लागला. म्हणे, "काका, याला गाडी येते तरी का?"

मला दुसरा पटलाय. पण भीती अशी की हा प्रत्येक खेपेला उशीर करील आणि व्यापारी माझ्या नावाने शंख करतील. ज्यांच्या गाड्या आहेत किंवा ज्यांनी चालवल्यात त्यांनी सांगा, तुम्ही काय बघता?

---

कडक_चहा

डोळे मिटून उतरतो म्हणाला आणि तुम्ही त्याच जागेवर किल्ली परत नाही मागितली?

---

सिन्नरफाटा

दुसरा घ्या. धागा बंद करा. :)

---

लायनरवाला

धागा बंद करू नका, मला लिहायचंय.

पाथर्डी फाट्याला गॅरेज आहे माझं, ब्रेकचंच काम जास्त. "ब्रेक फेल" म्हणून जी गाडी टोचन लावून येते, तिचं चाक उघडल्यावर बहुतेक वेळा आत काही तुटलेलं नसतं. लायनर (ब्रेक दाबल्यावर ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी पट्टी) जळून काचेसारखं गुळगुळीत झालेलं असतं आणि ड्रमवर निळी झाक आलेली असते. ब्रेक फेल झालेला नसतो. ड्रायव्हरने वापरून संपवलेला असतो.

होतं काय ते सांगतो. इगतपुरी सोडली की उतार लागतो. भरलेली दहाटायरी 28.5 टनांची (जुलै 2018 च्या आधी 25 होती). गडी रस्ता मोकळा बघून गाडी न्यूट्रलला टाकतो. इंजिनाचा अडसर गेला. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा) न्यूट्रलमध्ये काही कामाचा नाही. म्हणजे सगळं वजन लायनरवर. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटत जाते. गडी पायडल पुन्हापुन्हा दाबतो. प्रत्येक दाबाला हवा खर्च होते, आणि इंजिन आयडलिंगवर असल्यामुळे कॉम्प्रेसर टाकी भरतो हळू. काटा खाली येतो, बझर वाजतो. आता गिअर टाकायला जातो तर त्या वेगात गिअर पडत नाही. शेवटी हँडब्रेक. हँडब्रेक स्प्रिंगवर चालतो, त्याला हवा लागत नाही, हे खरं. पण तो दाबणार कशाला? त्याच जळालेल्या लायनरला.

नवीन कसारा घाटात एका जागेला सगळे "ब्रेक फेल पॉइंट" म्हणतात. ब्रेक तिथे फेल होत नाही हो. तो वरच, गिअर काढला तेव्हाच गेलेला असतो. तिथे फक्त ड्रायव्हरला कळतं.

तेव्हा आडगावकर, नांदूर नाक्यापर्यंतची ट्रायल म्हणजे काहीच नाही. भरलेली गाडी द्या, घाटनदेवीपासून खाली उतरवा, शेजारी गप्प बसा. कुठल्या गिअरवर उतरतो एवढंच बघा. ज्या गिअरवर चढायचं त्याच गिअरवर उतरायचं, हे जुन्या लोकांचं गणित आजही चुकत नाही. खाली कसाऱ्याला पोचलात की ड्रमच्या जवळ हात न्या. जवळ म्हणतोय, लावू नका.

जाता जाता, डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल मारणाऱ्यांसाठी: आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेल जायचंच थांबतं. न्यूट्रलला उलट आयडलिंगपुरतं जळत राहतं.

---

घोटीचा_भात

शेवटचा परिच्छेद प्रिंट काढून प्रत्येक पंपावर लावायला हवा.

---

चांदवडचा_उस्ताद

स्टिअरिंग सोडून बरीच वर्षं झाली, पोरगा टाइप करून देतोय. चूकभूल त्याची.

नवीन पोरगं सहसा घाटात सापडत नाही. त्याची आधीच तंतरलेली असते, ते रांगत उतरतं. सापडतो तो, ज्याला रस्ता पाठ झालाय. कसारा, आपला राहूडचा उतार, तिकडे शिरपूरच्या पुढे बिजासन. वळण कुठे, खड्डा कुठे, सगळं तोंडपाठ. फक्त आज त्या वळणामागे कोणाची गाडी पंक्चर होऊन उभी आहे हे पाठ नसतं. 

आणि एक गंमत बघितलीय मी आयुष्यभर. बिजासनला गाडी थांबवतील, देवीला नारळ फोडतील, अगरबत्ती लावतील, स्टिअरिंगला हात लावून पाया पडतील. आणि देवळाच्या पुढे निघाले की गाडी न्यूट्रलला. अरे, देवी काय गिअर टाकायला बसणार आहे का तुझ्या शेजारी? 

जुलै 2023 मध्ये तिथेच खाली पळासनेरला ब्रेक गेलेला कंटेनर गाड्यांना उडवत हॉटेलात घुसला. दहाच्या वर माणसं गेली. त्या ड्रायव्हरचं काय चुकलं, गाडीत काय बिघाड होता, ते मी बोलणार नाही, मी तिथे नव्हतो. पण त्या आठवड्यात सगळे त्या उतारावर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चालत होते म्हणे. पुढच्या महिन्यात परत जैसे थे.

आडगावकर, तुमच्या दुसऱ्या माणसाबद्दल पण एक ऐका. टायर वाजवणं हे ट्रायलपुरतं नाटकसुद्धा असू शकतं. पन्नाशीनंतर रात्रीचं दिसायला त्रास होतो आणि तो कोणीच कबूल करत नाही. "तीस वर्षं चालवतोय" हाच त्याचा चष्मा. म्हाताऱ्याचा गर्व आवाज करत नाही म्हणून तो नसतो असं नाही. डोळे तपासून आणायला सांगा. चिडला तर समजून जा.

आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारा: मागच्या वेळी गाडी मध्येच बाजूला लावून झोपलास ते कधी, कुठे? ज्याला सांगता येत नाही, त्याला ठेवू नका.

---

कडक_चहा

उस्ताद, "देवी गिअर टाकायला बसणार आहे का" यावर आमच्या घरी आज जेवताना हशा झाला. लिहीत राहा.

---

एमएच_पंधरा

मी बाराटायरीवर आहे, आत्ता शिरपूरला उभा आहे म्हणून लिहितोय.

सगळे पहिल्या पोरावर तुटून पडलेत. आत्मविश्वास नको तर काय नको? भरलेली गाडी घाटात घाबरून चालवून दाखवा. द्वारकेच्या सर्कलला संध्याकाळी सहाला काढून दाखवा. समोरचा रिक्षावाला तुमच्या डोळ्यात बघतो, तुम्ही जरा कचरलात की घुसलाच. ड्रायव्हर लाइनमध्ये जो "मला जमेल का" म्हणतो त्याला कोणी गाडी देत नाही. आडगावकर शेठ, खरं सांगा, तो पोरगा ट्रायलला येऊन म्हणाला असता की "मला कसाऱ्याची भीती वाटते," तर त्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं असतं तुम्ही? मालकाला ऐकायला आवडतं म्हणून आम्ही डोळे मिटून उतरतो.

कारवाल्यांना पण सांगतो. क्लीनर साइडला, केबिनच्या अगदी खाली तुमची गाडी आली की ती मला दिसत नाही. आरशात पण नाही. आता निम्म्या गाड्यांवर क्लीनरच नाही, मालकाला परवडत नाही, मग "डावीकडून गाडी आहे" सांगणार कोण? मी हळू घेतो तर मागून हॉर्न.

---

रविवार_ड्राइव्ह

मुंबई-नाशिक दर आठवड्याला करतो. हे ट्रकवाले उजव्या लेनमध्ये एकमेकांना ओव्हरटेक करत दहा मिनिटं समांतर चालतात. सगळे पिऊन [मजकूर संपादित] असतात.

(संपादक: सरसकट आरोप नकोत. लेनचा मुद्दा ठेवला आहे.)

---

एमएच_पंधरा

लेनचं खरंय. त्याबद्दल आमच्यातलेच लोक शिव्या खातात. बाकीचं तुम्हीच गिळा.

---

मानसी_गंगापूररोड

मानसशास्त्र शिकवते, म्हणून एक भर घालते. 1981 मध्ये ओला स्वेन्सन या स्वीडिश संशोधकाने विद्यार्थ्यांना विचारलं होतं की याच अभ्यासात आलेल्या बाकीच्यांच्या तुलनेत तुमचं ड्रायव्हिंग कसं आहे. कौशल्यात आपण मधल्या माणसापेक्षा वरचढ आहोत असं अमेरिकेतल्या 93 टक्के आणि स्वीडनमधल्या 69 टक्के जणांनी सांगितलं. निम्म्याहून जास्त लोक मधल्याच्या वर असूच शकत नाहीत, हे उघड आहे.

ते विद्यार्थी होते, ट्रक ड्रायव्हर नव्हते, तेव्हा हे आकडे तुमच्या दोन उमेदवारांना चिकटवू नका. पण रविवार_ड्राइव्ह यांना विचारावंसं वाटतं, तुम्ही स्वतःला कुठे धरता?

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. रस्ता चुकीची शिक्षा दर वेळी देत नाही. न्यूट्रलवर घाट उतरला आणि काही झालं नाही, की माणूस शिकतो ते "काही होत नाही" एवढंच. ड्रायव्हरला आपण थोडक्यात वाचलो हे बऱ्याचदा कळतही नाही, कारण ते मागे राहिलेल्या माणसाने बघितलेलं असतं. एमएच_पंधरा म्हणतात ती कार त्यांना दिसलीच नाही, तर त्यांच्या हिशेबात ती नव्हतीच.

---

सिन्नरफाटा

आमच्या गल्लीत विचारलं तर 93 नाही, 110 टक्के येतील.

---

समृद्धीवरून

घाटाचंच का धरून बसलात? गोंदे किंवा भरवीरला समृद्धी महामार्गावर चढून नागपूरकडे निघा, मग बघा. वळण नाही, सिग्नल नाही, गुरं नाहीत. ट्रकला 80 ची मर्यादा. 80 ने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला की जवळपास नव्वद मीटर गाडी आपली आपणच चालली. घाटात माणूस जागा असतो कारण घाबरलेला असतो. इथे "आता काय, सरळच आहे" म्हणून डोळा लागतो. पहाटे तीन ते पाच तर विचारूच नका.

आणि 'काही होत नाही' हे फक्त स्टिअरिंगवर असतं असं पण नाही. जानेवारी 2025 मध्ये आपल्या द्वारकेच्या उड्डाणपुलावर काय झालं आठवा. लोखंडी गज भरलेल्या ट्रकवर मागून टेम्पो आदळला, बरीच पोरं गेली. बाहेर आलेल्या गजांना लाल फडकं आणि मागे रिफ्लेक्टर लावायला पाच मिनिटं लागतात. भरणारा, मालक, ड्रायव्हर, तिघांपैकी एकाला जरी ती पाच मिनिटं काढावीशी वाटली तरी पुरतं.

---

आडगावकर

सगळ्यांचे आभार. एमएच_पंधरा, तुमचा प्रश्न लागला. नसतं बोलावलं बहुतेक.

आज दोघांना परत बोलावलं होतं. उस्तादांचा प्रश्न विचारला. पहिला म्हणाला, "शेठ, मी झोपतच नाही, दिल्ली एकट्याच्या हाताने." दुसऱ्याने मागच्या तीन-चार जागा पटापट सांगितल्या, ढाब्याच्या नावासकट, आणि वर अट घातली की रात्री दोन ते पाच गाडी चालणार नाही. डोळ्यांचं सांगितल्यावर जरा तोंड वाकडं केलं, पण जातो म्हणाला.

पण दोन ते पाच उभी म्हणजे माझा हिशेब बसत नाही हो. इथून दिल्ली साधारण 1300 किलोमीटर. टोमॅटोच्या सीझनला तर व्यापारी तासावर पैसे मोजतो. वेळेत पोचला तर वर बक्षीस, उशीर झाला तर भाड्यात कट. ट्रान्सपोर्टमध्ये बसून मी काय करू?

---

ड्रायव्हरची_लेक

फक्त वाचत होते, आता लिहिते.

माझे पप्पा आयुष्यभर लाइनवर आहेत. नाशिक-इंदूर-ग्वाल्हेर. लहानपणी मला वाटायचं पप्पांच्या गाडीचे टायर फार खराब आहेत, कारण ते फोनवर सारखे मालकाला सांगायचे, "पंक्चर झालंय शेठ, दोन तास लागतील." पंक्चर झालेलं नसायचं. पप्पांना झोप आलेली असायची. "झोप येतेय" सांगितलं की शेठ म्हणायचे, "चहा मार, तोंड धू, निघ." पंक्चर सांगितलं की गप्प बसायचे. टायरला आराम मंजूर होता, माणसाला नव्हता.

आता गाडीला जीपीएस आहे. शेठला घरबसल्या दिसतं गाडी कुठे उभी आहे, दर तासाला फोन येतो, आणि तो फोन पप्पा चालवता चालवता उचलतात, कारण नाही उचलला तर "कुठे मेला होतास" असं ऐकावं लागतं. पंक्चरचं कारणही आता फार चालत नाही, फोटो मागतात.

तुम्ही ड्रायव्हरमध्ये नम्रपणा शोधताय ते चांगलंच आहे. माझे पप्पा स्वतःच्या झोपेपुढे रोज हात टेकायचे. फक्त ते खोटं बोलून करावं लागायचं.

---

चांदवडचा_उस्ताद

पोरी, पंक्चर मी पण खूप सांगितलीत. तुझ्या पप्पांना नमस्कार सांग.

---

मानसी_गंगापूररोड

ड्रायव्हरची_लेक, हे वाचल्यावर माझ्या प्रतिसादातला स्वेन्सन मला थोडा फिका वाटायला लागला आहे.

---

कोर्टाजवळचा

वकील आहे. 1961 च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं; नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. ठरावीक संख्येच्या वर कामगार असतील तर तो लागू व्हायचा, त्यामुळे आडगावकरांसारखा छोटा मालक बहुधा त्यातून सुटायचा, आणि मोठे कसे सुटायचे ते तुम्ही मला विचारू नका.

जानेवारी 2024 चा ड्रायव्हर लोकांचा संप आठवत असेल, मनमाडजवळ पानेवाडीला टँकर उभे राहिले आणि नाशिकच्या पंपांवर रांगा लागल्या. भांडण होतं ते अपघात करून पळालेल्याला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं. ते कलम अजून लागू झालेलं नाही. शिक्षेवर देश थांबला, पण झोपेच्या तासांवर कधी कोणी थांबलेलं मी तरी पाहिलं नाही.

---

लायनरवाला

आडगावकर, एक विचारू का? डिझेल कसं देता? खेपेला फिक्स?

---

आडगावकर

हो. खेपेला अमुक लिटर, वाचलं तर ड्रायव्हरचं. सगळे तसंच देतात. नाहीतर चोरी होते.

---

लायनरवाला

मग कसाऱ्याला न्यूट्रल मारण्याचे पैसे तुम्हीच देताय की. 

त्याला वाटतं न्यूट्रलने वाचतं, तुम्ही म्हणता वाचलेलं तुझं. मी वर कितीही इंजिनाचं सांगितलं तरी तो बापाने शिकवलेलं ऐकणार. एक करा. डिझेलचं बक्षीस बंद, त्याऐवजी लायनरवर ठेवा. एक सेट किती चालला बघा. नेहमीपेक्षा जास्त चालला तर पैसे ड्रायव्हरला. लायनरमध्ये चोरी करता येत नाही, ते चाकातच असतं.

---

घोटीचा_भात

हे भारी आहे. पण मग गडी ब्रेकच मारणार नाही!

---

लायनरवाला

गिअरवर उतरला तर मारायची वेळ कमीच येते. आणि सेट उघडून बघायला मी बसलोय ना.

---

एमएच_पंधरा

लायनरचं ठीक आहे, पण दोन ते पाचचं बोला. ते गोड बोलून विसरू नका शेठ. गाडी तीन तास उभी राहिली म्हणून व्यापाऱ्याने भाडं कापलं तर ते कोणाच्या खिशातून? ड्रायव्हरच्या भत्त्यातून असेल तर तो पहिला आठवडा झोपेल, दुसऱ्या आठवड्यापासून तुम्हाला पंक्चरचे फोटो येतील.

---

आडगावकर

आज पुतण्याबरोबर बसून हिशेब केला. त्या गाडीला टोमॅटो बंद. कांदा आणि कंपनीचा माल, ज्यात तीन तास इकडेतिकडे चालतात. भाडं कमी मिळेल, ते मी धरलंय. उशिराचा कट माझ्याकडे, भत्त्याला हात नाही. रात्री अकरानंतर ऑफिसमधून फोन जाणार नाही. पुतण्या तोंड फुगवून बसलाय, कारण फोन तोच करायचा. डिझेलचं बक्षीस अजून काढलेलं नाही, लायनरवाल्यांकडे गुरुवारी येतो, तेव्हा सेटचा भाव बोलू.

पहिल्या पोराला पण नाही म्हटलेलं नाही. पुढच्या महिन्यात बाराटायरीवर दुसऱ्या ड्रायव्हरची जागा होईल, तेव्हा भरलेल्या गाडीने घाटनदेवीपासून ट्रायल.

---

कडक_चहा

शेजारी बसाल तेव्हा डोळे उघडे ठेवा. दोघांपैकी एकाचे तरी हवेत.

---

एमएच_पंधरा

शेठ, माझ्या मालकाचा नंबर पाठवू का व्यनिमध्ये? त्याला पण हा धागा वाचायला द्या.